युरोपच्या मतदारयादीतील आमची माणसे

सन २०१९ च्या मे महिन्याची २३ तारीख आमच्या रायपुरात लोकसभेच्या मतमोजणीची म्हणून लक्षात राहिली. येथील मतदान तिसऱ्या टप्प्यात, २३ एप्रिलला उरकले होते. आणि बरोबर महिन्यानंतर सुनील सोनी यांच्या विजयाची वार्ता तात्यापाऱ्यापासून चौबे कॉलनीपर्यंत पोहोचत असता, त्याच गुरुवारी, लंडनला नोकरीनिमित्त राहणारा आमचा एक पुतण्या, ज्याच्यापाशी भारतीय पारपत्र आणि ठरावीक मुदतीचा कामाचा परवाना यांखेरीज दुसरी कोणतीही सनद नव्हती, संध्याकाळी कचेरी सुटल्यावर घराजवळच्या शाळेत जाऊन युरोपियन संसदेसाठी मत देऊन आला. हे त्याने फोनवर इतक्या सहजपणे सांगितले की, मला ती थट्टाच वाटली असती. परंतु मतदारयाद्या आणि त्यांमागचे जाबते वाचण्याचा मला फार जुना नाद असल्यामुळे, त्याच्या त्या एका वाक्याने माझे पुढचे कित्येक महिने व्यापून टाकले.

त्यातली विसंगती पहिल्याप्रथम नोंदवतो. आपल्या १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० साली कलम २०-अ घातले गेले आणि परदेशस्थ भारतीयास मताचा अधिकार मिळाला खरा. पण त्यासाठी त्याने नमुना ६-अ भरावा, पारपत्रावरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव चढवून घ्यावे, आणि मतदानाच्या दिवशी मूळ पारपत्र घेऊन जातीने केंद्रावर रुजू व्हावे, असा दंडक आहे. म्हणजे रायपूरच्या खासदारासाठी मत द्यायचे तर या मुलाने समुद्र ओलांडून यावे. आणि ज्या संसदेशी त्याच्या वाडवडिलांचा, धर्माचा वा भाषेचा काडीमात्र संबंध नाही, तिच्यासाठी मत द्यायला त्याला दहा मिनिटे चालावे लागले. तेथील नगरपरिषदेच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नाव, जन्मतारीख, राष्ट्रीय विम्याचा क्रमांक आणि राष्ट्रीयत्व एवढा तपशील त्याने घरबसल्या कळवला होता. पुढे टपालाने मतदानाचे कार्ड आले. केंद्रावर त्या काळी ओळखपत्रदेखील कोणी विचारीत नसे.

या औदार्याचे मूळ साम्राज्यात आहे. ब्रिटनच्या १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने राष्ट्रकुलातील देशांचे नागरिक हे ब्रिटिश प्रजाजनच मानले. १९४९ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या परिषदेत भारताने प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहण्याचे ठरवले. आणि ज्या हक्काच्या वहिवाटीवर दादाभाई नौरोजी १८९२ साली फिन्सबरीतून निवडून गेले होते, ती वहिवाट, साम्राज्य विरून गेल्यावरही, मतदारयादीपुरती अबाधित राहिली. पुढे १९७९ च्या जूनमध्ये युरोपियन संसदेची पहिली थेट निवडणूक झाली, तेव्हा ब्रिटनने वेगळी यादी केली नाही, आपली जुनीच यादी पुढे केली. आणि त्या यादीबरोबर पंजाबी, गुजराती, जमैकन, नायजेरियन आणि आपली मराठी माणसेही युरोपचे मतदार होऊन बसली. कोणी त्यांना तसे मुद्दाम केले नाही, आणि बरीच वर्षे कोणाला त्याचे काही वाटलेही नाही.

वाटले ते स्पेनला, आणि तेही एका खडकामुळे. हा तंटा मला या साऱ्या शोधात सर्वांत रसाळ वाटला.

जिब्राल्टर १७०४ साली इंग्रजांनी घेतले आणि १७१३ च्या उत्रेख्तच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले, हे वाचकांना ठाऊक असेलच. युरोपियन समुदायाचे बहुतेक कायदे तेथे लागू होत. मताचा अधिकार मात्र नव्हता, कारण थेट निवडणुकांविषयीच्या १९७६ च्या करारास जोडलेल्या एका परिशिष्टात ब्रिटनने हा करार केवळ युनायटेड किंग्डमपुरता लागू करीन असे लिहून दिले होते. डेनिस मॅथ्यूज नावाच्या तेथील रहिवासी बाईंनी एप्रिल १९९४ मध्ये नोंदणी कचेरीस अर्ज केला की, येत्या युरोपीय निवडणुकीसाठी माझे नाव यादीत घ्यावे. कचेरीचे उत्तर त्याच महिन्यात आले: सदर परिशिष्टान्वये आपणांस हा अधिकार नाही. कोणत्याही नोंदणी कचेरीतला कोणताही कारकून रोज जशी उत्तरे लिहितो, तसेच हे उत्तर. दप्तरदाखल होऊन विसरले जाण्यास सर्वस्वी योग्य. पण बाई ते घेऊन स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या.

तेथे ब्रिटन सरकारने जो बचाव मांडला, तो वाचताना सरकारी वकिलांच्या बुद्धीचे कौतुक वाटते आणि हेतूची कीवही येते. करार सर्व सदस्यराष्ट्रांचा, एकट्या ब्रिटनला तो बदलता येत नाही, तेव्हा त्याची जबाबदारी एकट्या ब्रिटनवर कशी, हा एक मुद्दा; आणि युरोपियन संसद ही खऱ्या अर्थाने विधिमंडळच नव्हे, तेव्हा तिच्या निवडणुकीस मानवी हक्कांचा करार लागत नाही, हा दुसरा. ज्या संसदेत आपले प्रतिनिधी बसतात तिला न्यायालयापुढे जवळजवळ वादविवाद मंडळाच्या पंक्तीस नेऊन बसवण्यात त्या सरकारला संकोच वाटला नाही. १८ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने पंधरा विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल दिला: करार ब्रिटनने स्वखुशीने केला, तेव्हा त्याच्या परिणामांतून त्यास सुटता येणार नाही, मास्ट्रिख्तच्या करारानंतर या संसदेला कायदे घडवण्यात पुरेसा वाटा मिळाला आहे, आणि जिचे कायदे जिब्राल्टरच्या माणसाला बांधतात, तिच्या निवडणुकीत त्याला मुळीच मत नसणे हा हक्कभंग आहे.

आता परिशिष्ट बदलावयाचे तर सर्वांची संमती हवी, आणि स्पेन ती देईना. अखेर ब्रिटनने २००३ साली स्वतःचा कायदा करून जिब्राल्टर इंग्लंडच्या नैर्ऋत्य विभागास जोडून टाकले, आणि तेथील यादी तेथल्याच विधानसभेच्या चिटणिसाकडे सोपवली. जून २००४ मध्ये खडकावर प्रथमच युरोपीय मतदान झाले. परंतु जी यादी तयार झाली ती ब्रिटिश वळणाचीच, म्हणजे तीत पात्र राष्ट्रकुल नागरिकही आले. आणि जिब्राल्टरच्या मेन स्ट्रीटवर पिढ्यान्‌पिढ्या दुकाने थाटून बसलेल्या सिंधी व्यापाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे भारतीय पारपत्र उरले होते, त्यांनाही हे दार उघडले. स्पेनने नेमके यावर बोट ठेवले. युरोपचे नागरिकत्व नसलेल्यांना युरोपच्या संसदेसाठी मत देण्याचा अधिकार एक राष्ट्र आपल्या मर्जीने कसा देते, असा त्याचा सवाल होता. युरोपियन आयोगाने या भांडणात पडण्याचे टाळले. तेव्हा स्पेनने मार्च २००४ मध्ये ब्रिटनवर थेट दावा लावला. सदस्यराष्ट्राने सदस्यराष्ट्राला लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात खेचून निकालापर्यंत नेल्याचे हे तोवरचे तिसरेच उदाहरण होते. आधीच्या दोहोंपैकी एक तंटा मासेमारीवरून आणि दुसरा रिओहाच्या मद्यावरून झालेला.

१२ सप्टेंबर २००६ च्या निकालपत्रात न्यायालयाने स्पेनचा दावा फेटाळला. कारणे अशी की, मताधिकार केवळ युरोपियन संघाच्या नागरिकांनाच असावा असे करारात कोठेही म्हटलेले नाही. संसद ही राष्ट्रांच्या जनतेच्या प्रतिनिधींची आहे, आणि ती जनता कोणती हे प्रत्येक राष्ट्राच्या परंपरेवर सोपवलेले आहे. सबब ब्रिटनने आपल्या परंपरेस अनुसरून, निकट संबंध असलेल्यांना मत दिले तर त्यात बेकायदा काही नाही. माझ्या मते स्पेनचे म्हणणे तर्काला धरून होते, आणि निकाल शहाणपणाचा होता. या दोहोंत मला विरोध दिसत नाही. खडकाच्या मालकीचा राग मतदारयादीवर काढण्यात स्पेनने जी चूक केली, तिचा लाभ मात्र लंडन, लेस्टर आणि बर्मिंगहॅममधल्या हजारो भारतीयांना झाला: त्यांचा जो अधिकार तोवर केवळ वहिवाटीवर उभा होता, त्यास न्यायालयाची मुद्रा मिळाली.

जिब्राल्टर ज्या नैर्ऋत्य विभागास जोडले, त्याच विभागात स्विंडन नावाचे गाव येते. गोव्याची वार्ता ठेवणाऱ्यास या नावाची ओळख करून देण्याची गरज नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्या गोमंतकीयांना, आणि त्यांच्या वंशजांना, लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी दप्तरात आपला वा वाडवडिलांचा जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. आणि बार्देश-सालसेतचे असंख्य लोक पोर्तुगीज भाषेतले जुने जन्मदाखले काढून, लिस्बनमार्गे पारपत्र मिळवून, स्विंडनच्या गुदामांत आणि कारखान्यांत कामाला लागले. असे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व सुटते. अशा एखाद्या घरात नवरा पोर्तुगीज पारपत्राचा आणि बायको अद्याप भारतीय पारपत्राची, ही स्थिती विरळा नाही. आणि २०१९ च्या मेमध्ये या एकाच घरातल्या दोघांशी यादी दोन तऱ्हांनी वागली. भारतीय बायकोला काहीच करावे लागले नाही: ती राष्ट्रकुलाची नागरिक, तिचे नाव यादीत कोऱ्या अंगाने उभे. नवरा युरोपियन संघाचा नागरिक, म्हणून त्याच्या नावापुढे ‘जी’ हे अक्षर, ज्याचा अर्थ असा की हा मनुष्य फक्त नगरपरिषदेच्या निवडणुकीचा मतदार. ते पुसून ‘के’ करून घ्यायचे तर त्याने यूसी-१ नावाचा नमुना भरून, मी अन्य कोणत्याही देशात युरोपीय मत देणार नाही, असे प्रतिज्ञेवर लिहून द्यायचे. माल्टा आणि सायप्रस हे संघाचेही सदस्य आणि राष्ट्रकुलाचेही, म्हणून तेथल्यांना सूट, आयरिशांनाही सूट.

ही प्रतिज्ञा ६ डिसेंबर १९९३ च्या निर्देशाने आली. आपला देश सोडून दुसऱ्या सदस्यराष्ट्रात राहणाऱ्याने तेथे मत द्यावे, पण दोन ठिकाणी देऊ नये, हा तिचा हेतू. भीती निराधार नव्हती: ‘दी त्साइट’ या जर्मन साप्ताहिकाचे संपादक जोव्हान्नी दी लोरेंत्सो, ज्यांना जर्मनी आणि इटली या दोन्ही देशांचे नागरिकत्व आहे, त्यांनी २०१४ साली दूरचित्रवाणीवर सहज बोलता बोलता सांगून टाकले की, आपण एकदा इटालियन वकिलातीत आणि एकदा हॅम्बुर्गमध्ये, असे दोनदा मत दिले. एवढ्या मोठ्या संपादकाला हे गैर आहे याची कल्पना नव्हती! चौकशी झाली, आणि दंडवजा रक्कम भरून प्रकरण मिटले.

तथापि जर्मनीत इतर सदस्यराष्ट्राच्या नागरिकाने निवडणुकीच्या किमान एकवीस दिवस आधी एकदाच अर्ज केला की पुढे नाव आपोआप राहते. ब्रिटनने मात्र प्रतिज्ञेची मुदत बारा महिन्यांची ठेवली, म्हणजे दर निवडणुकीस नवा कागद. २०१४ च्या अनुभवावरून तेथील निवडणूक आयोगाने ही पद्धत सोपी करा असे सुचवले होते. कोणी ऐकले नाही, कारण पुढची निवडणूक होईपर्यंत ब्रिटन संघाबाहेर गेलेले असेल असा सर्वांचा हिशेब होता. तो चुकला. २०१९ च्या १० एप्रिलच्या रात्री ब्रिटनला बाहेर पडण्यास ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ मिळाली, आणि निवडणूक खरोखरच घ्यावी लागणार ही सरकारी घोषणा मंत्री डेव्हिड लिडिंग्टन यांनी केली ती ७ मे रोजी. यूसी-१ भरून देण्याची अखेरची तारीखही ७ मे. निवडणूक आहे हे सरकारने ज्या दिवशी कबूल केले, त्याच दिवशी अर्जाची मुदत संपली! २३ मे रोजी पोलिश, फ्रेंच, इटालियन आणि पोर्तुगीज माणसे मनात मतदानाचा उत्साह घेऊन केंद्रांवर गेली, आणि यादीतले ते एक अक्षर दाखवून त्यांना परत पाठवण्यात आले. त्यांतली कित्येक माणसे त्या देशात वीस-वीस वर्षे राहिलेली होती. आमचा पुतण्या जेमतेम तिसऱ्या वर्षात होता. हा न्याय होता असे मला म्हणवत नाही, आणि त्याने मत द्यायला नको होते असेही नाही.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि तेथील ७३ जागांचा विषय संपला. जिब्राल्टरच्या ज्या मतासाठी पाच-सात वर्षे न्यायालये झिजवली गेली, ते चार निवडणुका टिकले. स्विंडनच्या त्या घरातला हिशेब मात्र आता उलटा झाला आहे. पोर्तुगाल आपल्या परदेशस्थ नागरिकांना वकिलातींतून युरोपीय मतदान करू देते, संघाबाहेरच्या देशांतूनही. म्हणून नवऱ्याला, ज्याचा कागद २०१९ साली वेळेवर पोहोचला नाही, जून २०२४ मध्ये पोर्तुगालच्या २१ जागांसाठी मत देता आले. बायको त्या यादीतून गेली ती कायमचीच. आमचा पुतण्या लंडनहून म्युनिकला गेला आहे. तेथे त्याला युरोपचे मत हवे असेल तर जर्मन नागरिक व्हावे लागेल, आणि जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केले असले तरी भारताने ते केलेले नाही, तेव्हा त्या मताची किंमत त्याच्या पारपत्राएवढी आहे. मागच्या महिन्यात त्याने मला विचारले, ‘‘काका, तो नमुना ६-अ कुठे भरायचा असतो?’’ मी त्याला तपशील कळवला आहे. तिकीट त्याचे त्याने काढायचे आहे.