हाकेला ओ देणारा शेजार

उतारवयात पडण्याची भीती सर्वांनाच असते. परंतु पडल्यानंतर मदत किती वेळात मिळाली, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती तासाभराहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिली, तर हाड मोडलेले नसतानाही प्रकृती गंभीर होऊ शकते. अंगाखाली दबलेल्या स्नायूंना इजा होते आणि त्यातून रक्तात मिसळणारे पदार्थ मूत्रपिंडांवर आघात करतात. शरीरातील पाणी कमी होते, पाठीला व टाचांना जखमा होतात, न्यूमोनियाही होऊ शकतो.

यावर उपाय म्हणून गळ्यात किंवा मनगटावर बांधण्याचे बटण निघाले. ते दाबले की मदत केंद्राला सूचना जाते. उपाय चांगला आहे, पण तो पुरेसा नाही. इंग्लंडमधील केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या वृद्धांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पडून बराच वेळ जमिनीवर राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी बटण असूनही ते वापरले नव्हते. कुणाला त्याची गरज वाटत नव्हती, तर कुणाला आपले आपण उठायचे होते. मला यात आश्चर्य वाटत नाही. अनोळखी माणसाला त्रास देण्याचा संकोच आपल्याकडच्या आजी-आजोबांनाही असतोच. ओळखीच्या शेजाऱ्याला मात्र माणूस सहज हाक मारतो.

असा शेजार ठरवून उभा करता येतो. डेन्मार्कमध्ये १९७० च्या दशकात ‘को-हाउसिंग’ म्हणजे सहनिवासाच्या वसाहती सुरू झाल्या. प्रत्येकाचे घर व स्वयंपाकघर स्वतंत्र, पण एकत्र जेवायला-बसायला एक सामाईक घर आणि कारभार रहिवाशांच्याच हाती, अशी ही पद्धत. लंडनच्या बार्नेट भागातील ‘न्यू ग्राउंड’ ही पन्नाशीपुढील स्त्रियांची अशीच वसाहत. १९९८ पासून प्रयत्न करून या स्त्रिया २०१६ च्या अखेरीस तेथे राहायला गेल्या. तेथील २५ घरांपैकी ८ घरे कमी उत्पन्न असलेल्या स्त्रियांसाठी माफक भाड्याची आहेत. हा वृद्धाश्रम नव्हे. आजारपणात एकमेकींची विचारपूस कुणी करायची, हे तेथे आधीच ठरलेले असते.

स्वस्त दरातील ज्येष्ठांच्या घरांत या पद्धतीचा उपयोग होण्यासारखा आहे. लिफ्ट, कठडे, धोक्याची घंटा हे सारे हवेच. पण घंटा वाजल्यावर धावून येणारा माणूस त्याच मजल्यावर असेल, तरच तिचा खरा उपयोग. त्यासाठी एकत्र बसण्याची एक खोली आणि आठवड्यातून एखादे सहभोजन एवढेही पुष्कळ होते. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०२३ च्या अहवालानुसार, माणसांचा सहवास तुटल्याने हृदयविकार, पक्षाघात व स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढतो. म्हणजे ही खोली केवळ करमणुकीसाठी नाही.

मात्र शेजारी म्हणजे परिचारिका नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश बळावलेल्या व्यक्तीला प्रशिक्षित माणसाची गरज लागतेच.

नवी वसाहत बांधली जाईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या इमारतीत किंवा गल्लीत पुढील गोष्टी आजही करता येतील:

१. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या दोघा-दोघांच्या जोड्या ठरवाव्यात. सकाळी ठरलेल्या वेळी एकमेकांना फोन किंवा मोबाइलवर निरोप द्यावा. उत्तर आले नाही तर लगेच जाऊन पाहावे.

२. घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावी.

३. बटण किंवा मोबाइल स्नानगृहात जातानाही हाताशी असावा. बहुतेक बटणांना पाणी चालते, तरी घेताना विचारून घ्यावे.

४. चालू औषधांची यादी व मुलांचे फोन नंबर दाराच्या आतल्या बाजूस लावावेत.

५. पडलेल्या माणसाला घाईने ओढून उठवू नये. खुब्यात वेदना असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, डोक्याला मार असेल अथवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मदत मागण्यात कमीपणा नाही, हे आपल्या वडीलधाऱ्यांना पटवून देण्याचे काम आपले आहे. त्यासाठी आधी त्यांची शेजाऱ्यांशी ओळख हवी.