इतरांच्या घरांची निगा राखणारे

वाचकहो, स्वयंपाकघरातील नळ गळू लागला म्हणजे आपण काय करतो? पहिल्या दिवशी तोटी घट्ट पिळतो, दुसऱ्या दिवशी तिला चिंधी बांधतो, आणि तिसऱ्या दिवशी रात्रभर टपटप ऐकून झोप उडाली की नळदुरुस्ती करणाऱ्याच्या शोधास निघतो. तो येतो, दहा मिनिटांत वायसर बदलतो आणि पैसे घेऊन जातो. त्याचा व आपला संबंध तेथेच संपतो.

परंतु जेथे शेकडो बिऱ्हाडे एकाच मालकाच्या घरांत राहतात, आणि नळ, छपरे, गटारे, दिवे ह्या साऱ्यांचा भार त्या मालकाने नेमलेल्या माणसांवर असतो, तेथे हा संबंध इतक्या सहज संपत नाही. तेथे घरांची निगा राखणे हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसतो. मोठ्या शहरांत त्यासाठी खास कंपन्या निघाल्या असून, 'मालमत्ता व्यवस्थापन' असे भारदस्त नाव त्या कामास मिळाले आहे. अनुवादाचे काम करणाऱ्या मजसारख्याला ह्या नावापेक्षा 'निगा' हा जुना शब्द अधिक आवडतो. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचा मूळ अर्थ 'नजर' असा आहे. घराची निगा राखणे म्हणजे प्रथम त्याच्याकडे नीट पाहणे.

झाशीस जाणारा प्रत्येक मराठी माणूस किल्ला पाहतो, राणी महाल पाहतो, गणेश मंदिरात हात जोडतो. नारो शंकरांनी 1742 नंतर वसविलेल्या ह्या नगरीशी आपले नाते जुने आहे, आणि नेवाळकर घराण्यामुळे ते आपल्या अंतःकरणात कायमचे कोरले गेले आहे. किल्ला व महाल यांची काळजी पुरातत्त्व खाते वाहते. त्या कामाविषयी अधूनमधून काही लिहिले तरी जाते. स्टेशनाच्या आसपास पसरलेल्या रेल्वेच्या वसाहतीकडे मात्र प्रवाशाची पावले सहसा वळत नाहीत. इंडियन मिडलंड रेल्वेचे रूळ झाशीस आले ते 1889 च्या सुमारास. 1895 साली डबेदुरुस्तीचा कारखाना उभा राहिला, 1900 मध्ये ही रेल्वे जी.आय.पी.त विलीन झाली, आणि 1951 मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आली. तेव्हापासून 2003 पर्यंत झाशी विभागाचा कारभार मुंबईच्या बोरीबंदरहून चाले. त्या काळात बदलीच्या निमित्ताने झाशीच्या क्वार्टरांत राहून आलेली मंडळी आपल्या वाचकांतही असतील. आता हा विभाग उत्तर मध्य रेल्वेत मोडतो, आणि स्टेशनाचे नावही वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असे झाले आहे.

रेल्वेच्या ह्या वसाहती सांभाळण्याचे काम बांधकाम निरीक्षकाच्या कचेरीतून होते. त्याचा इंग्रजी हुद्दा 'इन्स्पेक्टर ऑफ वर्क्स'. पुढे हुद्द्याचे नाव बदलून 'सीनियर सेक्शन इंजिनियर' झाले, पण वसाहतींत 'आय.ओ.डब्ल्यू. ऑफिस' हेच नाव रुळलेले आहे. त्याच्या हाताखाली मिस्त्री, गवंडी, सुतार, नळकाम करणारे फिटर, पाणी सोडणारे व्हॉल्व्हमन आणि खलाशी. समुद्र शेकडो मैल दूर असलेल्या बुंदेलखंडात 'खलाशी' कोठून आला, असे आपल्यास वाटेल. नौकेवरचा हा शब्द रेल्वेने उचलला आणि हरकाम्या मदतनिसास लावला. जड उचलावयाचे असो, शिडी धरावयाची असो की खड्डा खणावयाचा असो, तेथे खलाशी लागतोच. अलीकडे कागदोपत्री तो 'सहायक' झाला आहे.

ह्या कचेरीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती, असे विचाराल तर ती एक वही आहे. तक्रारवही. तीत बिऱ्हाडकरू आपला क्वार्टर नंबर लिहितो आणि पुढे थोडक्यात दुखणे लिहितो: छत गळते, संडासाची टाकी भरत नाही, दाराची कडी तुटली. सकाळी हजेरी झाली की ह्या नोंदींची वाटणी होते आणि माणसे हत्यारे घेऊन बाहेर पडतात. आता काही ठिकाणी ही नोंद मोबाईलवरून होते, पण प्रकार तोच.

येथून खरी गोष्ट सुरू होते. फिटर दारात उभा राहतो तेव्हा त्याच्या पिशवीत पाईप पाना असतो, परंतु तोटी असेलच असे नाही, कारण ती भांडारातून यावयाची असते आणि भांडारातील मागणीला मंजुरी लागते. पंख्याची तक्रार असेल तर ते काम विद्युत् खात्याचे. गटार व कचरा आरोग्य निरीक्षकाकडे. छतातून गळणारे पाणी विजेच्या खटक्यात उतरले, तर दोन खात्यांच्या माणसांनी एकत्र यावयास हवे, आणि ती नेमकी एकत्र येत नाहीत. दारात उभ्या असलेल्या गृहिणीला ह्यातले काहीच दिसत नाही. तिला दिसतो तो एक मनुष्य, ज्याला ती तीन आठवडे बोलावीत होती आणि जो आता रिकाम्या हाताने आला आहे. तिचा संताप खरा असतो. पण तो ज्याच्यावर कोसळतो त्याच्या हाती निर्णय असा एकही नसतो.

माझ्या मते, निगा राखणाऱ्या कोणत्याही संस्थेची, मग ती सरकारी असो वा खासगी कंपनी असो, पारख ह्या दारातच होते. सामान नसेल तर चांगला निरीक्षक वहीत तसे स्पष्ट लिहितो, मागणीची तारीख घालतो आणि खाली आपली सही करतो. मग फिटरला सांगता येते, "लिहिलेले आहे, सामान आले की मीच येईन." वाईट निरीक्षक 'काम झाले' असा शेरा मारवून घेतो, आणि शिव्या खावयास पुन्हा त्याच माणसास पाठवितो. पहिल्या कचेरीत माणूस आपले काम शिकत जातो. दुसऱ्या कचेरीत तो काम चुकविण्याची कला शिकतो, आणि मग आपण म्हणतो की ही माणसेच आळशी.

काम शिकणे म्हणजे काय, हे बाहेरच्यास सहज कळत नाही. जुन्या क्वार्टरांत कित्येक ठिकाणी रुळांच्या तुकड्यांच्या तुळया आणि त्यांच्या मधोमध विटांच्या लहान लहान कमानी अशी छते आढळतात. पाणी एका कोपऱ्यात टपकते, पण भेग असते ती भलतीकडेच, कारण पाणी कमानीच्या उतारावरून वाहत येते. जाणता गवंडी हातोडीच्या दांड्याने गिलावा ठोकीत जातो. आवाज पोकळ आला की तेथे सुटलेला भाग आहे हे ओळखतो. नवशिका मनुष्य ओल दिसेल तेथे सिमेंट थापतो, आणि पुढल्या पावसाळ्यात तीच तक्रार पुन्हा वहीत उमटते.

व्हॉल्व्हमनची गोष्ट ह्याहून निराळी. झाशीचा उन्हाळा पारा पंचेचाळीस अंशांच्या वर नेणारा, आणि बुंदेलखंडात पाणी मोलाचे. ठरल्या वेळी कोणती चावी किती फेरे उघडावयाची, ह्याचे गणित त्याच्या मनगटात असते. टाकीजवळच्या घरांना जोराने पाणी मिळते आणि टोकाच्या घरांना धार येते ती करंगळीएवढी. पहिल्या घरांची चावी थोडी आवळल्यावाचून शेवटच्या घरात हंडा भरत नाही. त्याने ती आवळली की पहिली घरे रागावतात, न आवळली की शेवटची. पहाटे उठून, कोणाचाही निरोप न घेता, हा मनुष्य रोज न्यायनिवाडा करीत असतो म्हणा ना!

आणखी एक बारीक गोष्ट. रेल्वेच्या वसाहतीत गाडीचालक व गार्ड रात्रपाळी करून सकाळी घरी येतात आणि भर दुपारी झोपतात. त्या झोपेवर पुढल्या रात्रीच्या शेकडो प्रवाशांचा जीव अवलंबून असतो. म्हणून समजदार सुतार अशा घराच्या भिंतीवर दुपारी ठोकाठोक करीत नाही. बाईंना विचारून सवडीची वेळ ठरवितो. कोणत्याही नियमावलीपेक्षा हे शिक्षण सोबत काम करणाऱ्या जुन्या माणसांकडून मिळते.

घरे सांभाळणे हा व्यवसाय आहे, ही कल्पना ज्यांनी प्रथम रुजविली त्यांत लंडनच्या ऑक्टेव्हिया हिल ह्यांचे नाव घेतात. 1865 मध्ये जॉन रस्किन ह्यांनी दिलेल्या पैशातून मेरिलबोन भागातील तीन पडकी घरे त्यांच्या देखरेखीखाली आली. दर आठवड्यास भाडे गोळा करावयास त्या स्वतः, आणि पुढे त्यांनी शिकविलेल्या स्त्रिया, घरोघर जात. मालकास गुंतवणुकीवर 5 टक्के मिळावेत असा हिशेब होता. दुरुस्तीसाठी काही रक्कम वेगळी काढीत, आणि मोडतोड कमी होऊन तीतून जे उरेल त्याचे काय करावे, हे भाडेकरूंनी सुचवावे अशी त्यांची पद्धत होती. काम नसलेल्या भाडेकरूंना त्याच घरांच्या दुरुस्तीवर लावीत. बाईंचा स्वभाव करडा होता, भाडे थकविणाऱ्याची गय त्या करीत नसत. पण तक्रार ऐकणारा आणि दुरुस्ती करविणारा मनुष्य एकच असावा, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या वसाहतींत हे दोघे फार दूर दूर बसतात.

आता ह्या माणसांच्या स्वतःच्या तक्रारींकडे वळू. त्यांची तक्रारवही कोणती? रेल्वेत 1952 पासून कायम वाटाघाटींची यंत्रणा आहे. संघटनांचे प्रतिनिधी व अधिकारी ठरावीक मुदतीने समोरासमोर बसतात, आणि क्वार्टरांच्या दुरुस्तीपासून बढतीपर्यंतचे प्रश्न तेथे मांडले जातात. वसाहतीसाठी वेगळ्या समित्याही असतात. परंतु ही दारे उघडी असतात ती कायम नोकरांना. नैमित्तिक मजुरांची कहाणी वेगळी होती. वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबणाऱ्या प्रकल्प-मजुरांना टप्प्याटप्प्याने नोकरीत सामावून घ्यावे, ह्यासाठी 1985 साली इंद्रपाल यादव ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयास निकाल द्यावा लागला. त्या निकालाने कित्येकांच्या हाती प्रथमच एक पक्की नोंद आली.

ती पिढी निवृत्त झाली आहे. तिच्या जागी पुष्कळशी कामे आता कंत्राटदाराची माणसे करतात. गल्ली तीच, शिडी तीच, ऊनही तेच. परंतु एकास पास, दवाखाना व क्वार्टर, आणि दुसऱ्यास दिवसाची मजुरी. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने वेतन बुडविले तर ते मूळ मालकाने चुकते करावे असे ठरविले होते, आणि नियमांत समान कामाला समान वेतनाचीही तरतूद होती. वेतनाची ही जबाबदारी नव्या कामगार संहितांतही राहिली आहे. पण ज्याला आपला मूळ मालक कोण हेच ठाऊक नाही, त्याने ती मागावी कोणाकडे?

आणि वेतनाहून मोठी गोष्ट जिवाची. गटार तुंबले, घाण पाणी अंगणात आले, की आपण सारेच ओरडतो, "माणूस उतरवा!" वाचकहो, हे दोन शब्द पुढच्या वेळी तोंडावर येतील तेव्हा थांबा. गटाराच्या विहिरीत साचलेला वायू दिसत नाही आणि दोन श्वासांत मनुष्य कोसळतो. त्याला काढावयास उतरलेला दुसराही कोसळतो. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून कोणासही अशा जागी उतरविणे हा गुन्हा ठरविला असून, पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अशा मृत्यूबद्दल 10 लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले; 2023 मध्ये ती रक्कम 30 लाख केली. निकाल पुन्हा द्यावा लागला, ह्याचा अर्थ माणसे उतरविली जातच होती. यंत्र येईपर्यंत दोन दिवस दुर्गंधी सोसणारी वसाहत आणि दोन तासांत 'काहीही करा' म्हणणारी वसाहत, ह्यांतील फरक एखाद्या घरच्या कर्त्या पुरुषाएवढा असतो.

निरीक्षकाने अशा वेळी 'नाही' म्हणावयाचे असते, आणि त्याचे 'नाही' वरच्या साहेबाने उचलून धरावयाचे असते. पाना धरणाऱ्या माणसाने नकार दिला तर उद्या त्याची हजेरी लागेल की नाही, हा प्रश्न कंत्राटी माणसापुढे नेहमीच उभा असतो. म्हणून नकाराचे ओझे त्याच्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

रेल्वेत निवृत्त होणाऱ्यास क्वार्टर साधारणपणे चार महिने नेहमीच्या भाड्याने ठेवता येते. पुढे आजार वा मुलांचे शिक्षण अशा कारणाने मुदत वाढली तर भाडेही वाढते, आणि घर रिकामे करून दिल्यावाचून ग्रॅच्युइटी अडवून ठेवता येते. घर परत घेताना निरीक्षकाचा माणूस येऊन सारे मोजून घेतो: दारे, खिडक्यांची तावदाने, तोट्या, दिव्याच्या खुंट्या. ज्या फिटरने आयुष्यभर इतरांची घरे अशी मोजून घेतली, त्याच्याही दारात शेवटी कोणीतरी कागद घेऊन उभा राहतो. सामान ट्रकवर चढलेले असते, भिंतीवर कॅलेंडराचा चौकोन तेवढा पांढरा राहिलेला असतो. तो एकवार मोरीत जातो, तोटी उघडून बंद करून पाहतो, गळत असेल तर खिशातला वायसर घालतो, आणि मग किल्ली देतो.

त्याच्या जागी आलेला कंत्राटी तरुण त्या वेळी बाहेर शिडी धरून उभा असतो. त्याला कोणतीही किल्ली परत करावयाची नसते.