बांधीतली लाखोरी उपटून बघा

एकोडी, साकोलीकडच्या आपल्या धानपट्ट्यात उभ्या धानात, कापणीच्या आधी ओलीवर लाखोरी उतेरा टाकतात. ना नांगर, ना खत. तरी ती तरारते. एक रोप मुळासकट अलगद उपटून पाण्यात धुवा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली, तर रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पकडून पिकाला देत आहेत. हिरवट किंवा करडी असेल, तर काम थांबलंय.

पावसाळ्यात चित्र वेगळं असतं. बांधीत पाणी साचलं की मातीतला प्राणवायू लवकर संपतो आणि हवेवर जगणाऱ्या बुरशा दबतात. मुळांना स्फुरद आणून देणारी मायकोरायझा त्यातलीच. तेव्हा पाण्यावरचं निळं-हिरवं शेवाळ नत्राचं काम करतं. ते खरं तर जिवाणूच! पाणी ओसरलं, हवा खेळली की बुरशी पुन्हा मुळांशी जोडली जाते. माझ्या मते धानानंतर बांधी मोकळी ठेवणं हे या मंडळींना उपाशी ठेवणं आहे. तणस जाळणं त्याहून वाईट, कारण तणसातला कर्ब हे मातीतल्या कुजवणाऱ्या जीवांचं अन्न.

लाखोरीच्या बियाण्याला रायझोबियम लावायचं तर १० किलोला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड द्रावणातून लावा आणि सावलीत सुकवा. बुरशीनाशक लावायचंच असेल तर आधी लावा, जिवाणू सगळ्यात शेवटी.

यंदा गाठ फोडून बघा आणि रंग कोणता निघाला ते इथे नक्की लिहा.