लेसरचे अंतरमापक: सशावर नव्हे, कुंपणावर रोखा



बोरिवली, आरे, मुलुंडकडच्या काही तरुण श्रोत्यांनी विचारले आहे, की ससा-तितर टिपायला लेसरचे अंतरमापक कोणते घ्यावे? परदेशात शिकारी ते वापरतात, हे खरे. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा आहे. फासा लावणे, हाका घालून जनावर उठवणे हेही त्यातच येते. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत केली तर किमान ३ वर्षे कैद. शिवाय सशाचा फासा बिबट्याला ओळखत नाही. त्यात अडकून जखमी झालेला बिबट्या पाड्याच्या कडेलाच राहतो, आणि परसाकडे पोरेबाळे तिकडूनच जातात.

पण यंत्र कामाचे आहे. डुकरांसाठी भाताला, काकडीच्या मांडवाला कुंपण घालायचे तर तार किती लागेल, हे एका माणसाला बांधावर उभे राहून कळते. बटण दाबले की न दिसणारा किरण जातो, समोर आपटून परत येतो, आणि लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर सांगते. म्हणून समोरची वस्तू उजळ हवी. खोक्यावर ६०० मीटर छापलेले असले तरी तो आकडा चकचकीत फळीचा. ओल्या झाडोऱ्यावर यंत्र बरेच अलीकडे थांबते. पावसात, धुक्यात तर भलतेच आकडे दाखवते. कोपऱ्यावर पांढरी गोणी टांगा, काम सोपे होते.

घेताना दोन गोष्टी पाहा. गोल्फच्या खेळासाठी बनवलेले यंत्र जवळची वस्तू धरते, म्हणजे मधल्या गवताचेच अंतर सांगते. शिकारीसाठी बनवलेले गवत सोडून पलीकडचे धरते. आपल्याला हे दुसरे बरे. गवंड्याजवळचे लेसर उन्हात उपयोगी नाही, त्याचा लाल ठिपकाच दिसत नाही.

दुसरे, यंत्र मीटरवर आहे की यार्डावर? यार्ड मीटरपेक्षा लहान. ३०० यार्ड म्हणजे २७४ मीटर. मीटर समजून चार पदरी तार आणलीत, तर शंभरेक मीटर तार फुकट!

चढावर आणखी एक गंमत आहे. ३० अंशांच्या उतारावर १०० मीटर मोजले, तर काही यंत्रे ८७ दाखवतात. ते सपाटीचे अंतर. नेम धरणाऱ्याला ते हवे असते. तार मात्र उतारावरूनच जाते, तेव्हा ती सोय बंद करा. मीटर-अर्ध्या मीटरचा फरक राहतोच, म्हणून खांबाचे खड्डे टेपनेच आखा.

किरण दिसत नाही म्हणून माणसाच्या किंवा गुराच्या डोळ्यांवर रोखू नका. काचेतून सूर्याकडे तर कधीच पाहू नका.

आणि बिबट्या दिसला, तर मोजायला म्हणून एक पाऊलही पुढे टाकू नका. पोरांना आत घ्या, दार लावा, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. खिडकीतून अंतर कळलेच, तर तेही सांगा: “घरापासून ८० मीटर, करवंदीच्या जाळीकडे.”