बाभळीचे दरवाजे पावसाळ्यात उघडे का?

दरवर्षी 1 जुलैला नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळ एक नवल घडते. गोदावरीला पाणी येण्याचे दिवस, आणि नेमके तेव्हाच बाभळी बंधाऱ्याचे 14 दरवाजे वर उचलले जातात. पाणी अडवायचे सोडून जाऊ का द्यायचे?

आधी बंधारा समजून घेऊ. मोठे धरण दोन टेकड्यांना भिंतीने जोडते आणि मागे तलाव पसरतो. सपाट मुलखात अशी जागा मिळत नाही. मात्र गोदावरीचे पात्र खोल आहे. म्हणून पात्रातच खांब उभारून त्यांच्यामध्ये लोखंडी दरवाजे बसवले. ते खाली सोडले की पाणी काठांच्या आतच तुंबते. बाभळीत असे 2.74 अब्ज घनफूट पाणी मावते.

पुरात दरवाजे बंद राहिले तर पाणी काठ ओलांडून शेतांत शिरेल. शिवाय गाळ साचेल. टाकीच्या तळाचा नळ सोडला की वरच्या पाण्याच्या वजनाने धार जोरात सुटते. दरवाजा उचलल्यावर खालून सुटणारे पाणीही तसेच गाळ ओढून नेते.

पण तारखा ठरल्या त्या शेजाऱ्यामुळे. खाली तेलंगणात श्रीरामसागर धरण आहे, त्यालाही पाणी हवे. म्हणून 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि 1 मार्चला 0.6 अब्ज घनफूट पाणी खाली सोडायचे. मला यातला 28 ऑक्टोबर फार उशिरा वाटतो. तोवर पाऊस बहुधा परतलेला असतो आणि बंधारा भरायला उरते ते ओसरत्या नदीचे पाणी.