काळ्या पाण्यांतील बुडी

काळें पाणी म्हटलें म्हणजे मराठी श्रोत्यांस अंदमानाचें स्मरण होतें. परंतु पाणबुड्यांच्या परिभाषेंत त्याच अर्थाच्या 'ब्लॅकवॉटर' या शब्दानें भर समुद्रांतील रात्रीच्या बुडीचा बोध होतो. हवाई बेटांपैकीं सर्वांत मोठ्या बेटाचा कोना किनारा या बुडीसाठीं प्रसिद्ध आहे. तें बेट म्हणजे सागरतळापासून उठलेला ज्वालामुखी पर्वतच. त्यामुळें किनाऱ्यापासून कांहीं मैलांवर पाणी हजारों फूट खोल असतें.

ही बुडी रात्रींच कां? खोल पाण्यांतील असंख्य लहान जीव दिवसां शत्रूच्या भयानें अंधारांत दडून राहतात व सूर्यास्तानंतर अन्नासाठीं वर येतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ध्वनिलहरींनीं खोली मोजतांना या जीवांच्या थरावरून प्रतिध्वनि येई व तळ नसतां तळाचा भास होई. हा थर रात्रीं वर चढतो असें १९४५ सालीं मार्टिन जॉन्सन यांस आढळलें, तेव्हां तो सजीवांचा असल्याचें उघड झालें.

तळ नांगराच्या आवाक्याबाहेर असल्यामुळें यंत्र बंद करून नाव प्रवाहाबरोबर वाहूं देतात. नावेवरून वजन लावलेले दोर सुमारें ४० ते ५० फूट खालीं सोडतात व प्रत्येक पाणबुड्यास आखूड दोरीनें त्यांस जोडतात. हें बंधन अत्यंत आवश्यक होय. भोंवतीं तळ, खडक कांहींच दिसत नसल्यानें वर कोणतें व खालीं कोणतें याचाही भ्रम पडतो. नकळत खालीं जाणाऱ्यावर दर ३३ फुटांस एका वातावरणाचा दाब वाढतो, हवा लवकर संपते व पुढें नायट्रोजनाची गुंगी येते. अशा वेळीं आपल्या श्वासाचे बुडबुडे हेच दिशादर्शक; ते नेहमीं वरच जातात. फिलिपाइन्समधील अनिलाव येथें तरंगत्या बोयाखालीं दिव्यांची माळ सोडतात. तेथें दोरीचें बंधन नसतें. परंतु माळ दृष्टीआड होऊं द्यावयाची नाहीं, हा नियम असतो.

एवढा खटाटोप कशासाठीं? वाम माशाचें काचेसारखें पारदर्शक पिल्लूं किंवा जाळ्यांत ज्यांचा लगदा होतो असे नाजूक जीव येथें जिवंत स्थितींत दिसतात. स्मिथसोनियन संस्थेच्या व हवाईंतील संशोधकांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत अशा छायाचित्रांचें शास्त्रीय मोल दाखविलें आहे. अथांग सागराचें हें ज्ञान अखेर एका दोराच्या विश्वासावर मिळतें.