अर्थशास्त्राची परीक्षा : अडचण पाठांतराची नव्हे, भेद ओळखण्याची

अर्थशास्त्र हा पाठांतराचा विषय आहे, असा समज विद्यार्थ्यांमध्ये खोलवर रुजलेला आहे. व्याख्या मुखोद्गत असतात, मुद्देही क्रमाने आठवतात. परंतु तोच मुद्दा प्रश्नपत्रिकेत उदाहरणाच्या रूपाने समोर आला की लेखणी अडखळते. महाराष्ट्र राज्य मंडळ असो वा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ, बारावीला या विषयाची लेखी परीक्षा ८० गुणांची असते आणि तीत विधान व कारण यांचा संबंध तपासणाऱ्या प्रश्नांनाही स्थान असते. अशा प्रश्नांत केवळ स्मरणशक्ती पुरेशी पडत नाही. सारख्या भासणाऱ्या दोन संकल्पनांमधील भेद स्पष्ट नसेल, तर पाठ केलेले उत्तरही चुकीच्या ठिकाणी लिहिले जाते.

मागणी की मागणीचे परिमाण?

सर्वाधिक गोंधळ मागणीच्या प्रकरणात होतो. चहाची किंमत वाढल्याने चहाची खरेदी कमी झाली, तर तो मागणीचा संकोच होय. ग्राहक त्याच मागणी वक्रावर वरच्या बिंदूकडे सरकतो. मात्र कॉफी महागल्यामुळे चहाची खरेदी वाढली, तर चहाच्या किमतीत कोणताही बदल झालेला नसतो. येथे संपूर्ण वक्रच उजवीकडे सरकतो आणि त्यास मागणीतील वृद्धी म्हणतात. उत्तर लिहिण्यापूर्वी ‘बदल त्याच वस्तूच्या किमतीत झाला की अन्य घटकात?’ एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारल्यास बहुतांश चुका टळतात.

आकृतीबाबतही असेच घडते. गणितात स्वतंत्र चल आडव्या अक्षावर दाखवण्याचा प्रघात आहे. अर्थशास्त्रात मात्र आल्फ्रेड मार्शल यांच्यापासून रूढ झालेल्या पद्धतीनुसार किंमत उभ्या अक्षावर येते. हे ध्यानात न घेता आकृती केवळ चित्र म्हणून पाठ केली, तर अक्षांची नावे उलटसुलट होतात. प्रथम कोष्टक तयार करून त्यातील बिंदू स्वहस्ते आलेखावर मांडल्यास आकृती विसरली जात नाही.

टक्केवारीचा फसवा सोपेपणा

लवचीकतेच्या गणितांत आकडेमोड किरकोळ असते, पण पद्धत चुकल्यास निष्कर्षच उलटतो. समजा, वस्तूची किंमत १० रुपयांवरून १२ रुपये झाली आणि मागणी १०० नगांवरून ९० नगांवर आली. अनेक विद्यार्थी १० नगांची घट २ रुपयांच्या वाढीने भागून ५ हे उत्तर काढतात व मागणी अधिक लवचीक असल्याचे लिहितात. प्रत्यक्षात किमतीतील वाढ २० टक्के, तर मागणीतील घट १० टक्के आहे. म्हणून लवचीकता ०.५, म्हणजेच मागणी कमी लवचीक आहे. याचा पडताळाही सोपा आहे. ग्राहकांचा एकूण खर्च १,००० रुपयांवरून १,०८० रुपये झाला. किंमत वाढूनही एकूण खर्च वाढला, याचा अर्थ मागणी फारशी घटलेली नाही.

महागाई दराचेही असेच आहे. दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या, असा अर्थ सर्रास लावला जातो. १०० रुपयांची वस्तू पहिल्या वर्षी १०६ रुपये होते व दुसऱ्या वर्षी ११० रुपये २४ पैसे. किंमत वाढतच राहते. केवळ वाढीचा वेग मंदावतो.

राष्ट्रीय उत्पन्नाची मोजदाद

राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणात दुहेरी गणना हा नेहमीचा अडथळा असतो. शेतकऱ्याने २० हजार रुपयांचा गहू गिरणीस विकला, गिरणीने त्याचे पीठ ३० हजारांस बेकरीला दिले आणि बेकरीने ५० हजारांचा पाव ग्राहकांना विकला. तिन्ही रकमांची बेरीज एक लाख होते. परंतु तीत गव्हाचे मूल्य तीनदा व पिठाच्या दळणाचे मूल्य दोनदा मोजले जाते. शेतकऱ्याचा अन्य खर्च शून्य मानल्यास मूल्यवृद्धी अनुक्रमे २०, १० व २० हजार, म्हणजे एकूण ५० हजार रुपये ठरते. अंतिम वस्तूचे मूल्यही तेवढेच आहे. दोन्ही मार्गांनी एकच उत्तर येणे, ही अचूकतेची खूण होय.

परिभाषेचा अडसर

दहावीपर्यंत मराठीतून शिकून पुढे इंग्रजी माध्यम स्वीकारणाऱ्या विद्यार्थ्यांना परिभाषा नव्याने आत्मसात करावी लागते. महाराष्ट्राबाहेर हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मराठी भाषकांपुढेही हाच प्रश्न असतो. मराठीतील ‘लवचीकता’ हिंदीत ‘लोच’ होते, ‘चलनवाढ’ ही ‘मुद्रास्फीति’ होते आणि ‘स्थूल देशांतर्गत उत्पादन’ हे ‘सकल घरेलू उत्पाद’ होते. अशा वेळी संकल्पना घरच्या भाषेत समजून घ्यावी, संज्ञा मात्र परीक्षेच्या भाषेत लिहून पाहावी. वहीत दोन्ही संज्ञा व एक उदाहरण शेजारी-शेजारी नोंदवल्यास उजळणीही सुलभ होते.

परीक्षा जवळ आल्यावर नवे संदर्भग्रंथ गोळा करण्यापेक्षा जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणे अधिक फलदायी ठरते. तपासताना केवळ गुण न मोजता, उत्तर व्याख्येत चुकले, आकृतीत चुकले की आकडेमोडीत, याची नोंद ठेवावी. काही प्रश्नपत्रिकांनंतर तीच ती चूक वारंवार दिसू लागते. उरलेला वेळ नेमका कोठे द्यावा, हे त्या नोंदीवरून कळते.